गुहेतला उजेड

शाळेची व्हॅन चालवणारी ती बाई सगळ्यांची व्हॅनमावशी होती. मुलं म्हणायची म्हणून त्यांचे आईबाप म्हणायला लागले, मग कोपऱ्यावरचा दुकानदार, आणि शेवटी घरी नवराही थट्टेने तशीच हाक मारायला लागला. वय चाळिशीच्या पुढे, आवाज खणखणीत, आणि वेड कार्टूनच्या सिनेमांचं आणि थीम पार्कचं. ‘मुलीसाठी जाता ना हो?’ असं कुणी विचारलं तर ती सरळ सांगायची, ‘छे, मुलगी माझ्यासोबत येते.’

दीपगृह सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या कासवाचा सिनेमा तिचा सगळ्यात लाडका. व्हॅनच्या मागच्या दारावर ते कासव तिने स्वतः रंगवलं होतं, आणि शाळेच्या वाटेवर मुलांकडून त्यातली गाणी घोकून घेतली होती. शहराबाहेरच्या पार्कचा तिच्याकडे वर्षाचा पास असायचा. कुठल्या राइडची रांग जेवणाच्या वेळी ओसरते, होडीत कुठल्या बाजूला बसलं की कमी भिजायला होतं, मिरवणुकीतल्या सशाच्या मुखवट्याआड आज उंच मुलगा आहे की ठेंगणा, हे तिला पाठ होतं. लोक हसायचे, ती हसू द्यायची.

थिएटरात मात्र तिचा एक नेम होता. दिवे जायच्या आत खुर्चीत बसायचं. उशीर झाला तर दारातूनच परत फिरायचं. नवरा म्हणायचा, ‘जाहिरातीसुद्धा सोडवत नाहीत हिला.’ तिलाही तेच कारण खरं वाटायचं.

त्या वर्षी पार्कमध्ये कासवाच्या सिनेमावरची नवी राइड सुरू झाली. होडीत बसून दीपगृहाखालच्या गुहांमधून फिरायचं. शाळेला सुट्टी पडली तशी व्हॅनमावशी नणंदेला आणि लेकीला घेऊन निघाली. रांग उन्हातून गुहेत शिरली आणि तिच्या डोळ्यांपुढे मिट्ट काळोख झाला. तिने सवयीने लेकीचा खांदा धरला.

‘काय अंधार केलाय,’ ती खुशीत म्हणाली.

‘अंधार कुठला?’ नणंद म्हणाली. ‘दिवे आहेत की बारीक बारीक. आणि ही भिंतीवरची शिंपल्यांची नक्षी बघ, वहिनी. किती मन लावून केलीय.’

‘कुठे?’

‘ही काय, तुझ्या दंडाला लागतेय.’

व्हॅनमावशीने हात लावला. बोटांना शिंपले लागले, गार, खरखरीत, ओळीने लावलेले. डोळ्यांना काहीच दिसलं नाही.

‘तुला हे दिसतंय?’ तिने हळू आवाजात विचारलं.

‘म्हणजे काय? सगळ्यांनाच दिसतंय. वर ती वटवाघळं टांगलीत, पुढे ते टक्कलवाले काका मोबाईल शोधतायत... अगं, पायरी आहे.’

पायरीवर तिचा अंगठा आपटला. लेक म्हणाली, ‘आई नेहमीच धडकते अंधारात.’ नणंद हसली. व्हॅनमावशीही हसली. डोळे सरावतील म्हणून तिने वाट पाहिली. रांग पुढे सरकत राहिली, मागची मुलं छताकडे बोट दाखवून एकमेकांना काय काय सांगत राहिली, आणि तिचे डोळे काही सरावले नाहीत. आजवर तिला वाटायचं, अंधार म्हणजे अंधार. सगळ्यांना असाच. सगळेच आपल्यासारखे चाचपडत, पुढच्याला धरून खुर्चीपर्यंत जात असणार.

होडीत बसल्यावर झगमगीत पुतळे तेवढे दिसले. अधूनमधून एखादा मासा, एखादा कंदील, आणि मधलं सगळं गायब. होडीतली मुलं किंचाळत होती, मजेने. खरोखर घाबरलेली अशी ती एकटीच होती.

घरी आल्यावर तिने मोरीत हात धुता धुता आरशासमोर उभं राहून पाहिलं. नजर स्वतःच्या नाकावर ठेवली आणि दोन्ही हात कानांजवळून हळूहळू पुढे आणत गेली. बोटं हलवत होती, पण ती दिसेचनात. हात पार गालांच्या पुढे आले तेव्हा कुठे बोटं दिसली. तिने नवऱ्याला हाक मारली.

‘इकडे ये. समोर बघ. माझा हात दिसला की सांग.’

‘हा काय खेळ काढलास?’

‘सांग ना.’

तिने हात त्याच्या कानामागून जरासा पुढे आणला आणि तो म्हणाला, ‘दिसला.’ तिला वाटलं तो लबाडी करतोय. दुसऱ्या बाजूनेही तेच झालं. त्याने विचारलं, ‘काय झालं?’ ती म्हणाली, ‘काही नाही. सिनेमात होतं तसं.’ आणि भांडी घासायला बसली. टेबलाच्या कडेचे पेले तिच्या हातून का पडायचे, खालचं स्टूल दर वेळी नडगीला का लागायचं, ‘वेंधळी’ म्हणून माहेरी आणि सासरी तिची ख्याती कशी झाली, हे सगळं एकेक करून आठवायला लागलं. आणि मग व्हॅन आठवली. हातातलं पातेलं तसंच राहिलं. मागच्या बाकांवर दाटीने बसलेली मुलं, त्यांची दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, आणि पुढे चाकामागे बसलेली ती.

सुट्टी संपेपर्यंत तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होणार, अशी भीती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, थकवा असेल, अशी मनाची समजूत काढत राहिली. शाळा उघडली त्या सकाळी ती आरसे वळवून, मान सारखी इकडून तिकडे फिरवत निघाली. मुलं गाणं म्हणत होती.

बेकरीच्या वळणावर तिने डावीकडे पाहिलं, समोर पाहिलं, आणि व्हॅन वळवली. तेवढ्यात सायकलची घंटा अगदी कानाशी वाजली. तिने करकचून ब्रेक दाबला. व्हॅनच्या नाकाशी एक म्हातारा सायकलवाला एक पाय जमिनीवर टेकवून उभा होता. तो कुठून आला हे तिला कळलंच नाही. आकाशातून पडावा तसा.

‘बाई, केव्हापासून घंटा वाजवतोय,’ तो म्हणाला. ‘सरळ तुमच्याकडे बघत होतो. तुम्हीही माझ्याकडेच बघत होता.’

तिने माफी मागितली. तो मान हलवत निघून गेला. मागून एकीने विचारलं, ‘मावशी, गाडी बंद पडली?’

‘हो गं. बंद पडली,’ ती म्हणाली, आणि किल्ली फिरवून काढून घेतली. व्हॅन तशीच बेकरीपुढे उभी ठेवून तिने दिराला फोन लावला. दीर मालाचा टेम्पो चालवायचा.

‘भाऊजी, आहात तिथून या. मुलांना शाळेत सोडायचंय.’

‘काय झालं वहिनी? पंक्चर?’

‘नाही. मला दिसत नाहीये.’

हे ती पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली. दीर म्हणाला, ‘हलू नका तिथून. आलोच.’

डोळ्यांच्या तपासणीला नवरा सोबत होता. एका पांढऱ्या, खोलगट भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. पार्कमधल्या नेमबाजीच्या खेळासारखंच. ती वाट पाहत बसली. यंत्र आत कुरकुरत होतं, ठिपके येत असणार, आणि तिचं बोट बटणावर नुसतंच टेकलेलं. शेवटी शेवटी दिसलं नाही तरी दाबावंसं वाटलं. दाबलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी कागदावर दोन गोल काढले. बाहेरचा बराचसा भाग काळा केला आणि मध्ये थोडी पांढरी जागा ठेवली.

‘डोळ्याच्या आतला पडदा कडेने झिजत आलाय,’ त्या म्हणाल्या. ‘आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं. हे बऱ्याच वर्षांपासून चाललंय. हळूहळू होतं म्हणून कळत नाही.’

‘आणि मधलं?’ व्हॅनमावशीने विचारलं.

‘ते अजून चांगलं आहे. किती वर्षं राहील ते मी सांगू शकत नाही. खोटं सांगणार नाही. आज यावर औषध नाही.’

नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. वेंधळी म्हणायचा तोच नवरा.

‘गाडी आजपासून बंद,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘आणि तुमची भावंडं, मुलं यांचीही तपासणी करून घ्या. घराण्यात असू शकतं.’

इतका वेळ ती स्वतःपुरती घाबरली होती. आता खुर्चीचा हात घट्ट धरून बसली. ‘मला एकच मुलगी आहे,’ ती म्हणाली.

‘मग तिला घेऊन या,’ डॉक्टर म्हणाल्या.

मुलीची वेळ मिळायला मध्ये काही आठवडे गेले. त्या दिवसांत व्हॅनमावशीने एक काम केलं, जे करू नकोस असं दीर आणि नवरा दोघांनीही सांगितलं होतं. तिने मुलांच्या आईबापांना शाळेच्या मागच्या मैदानात बोलावलं आणि जसंच्या तसं सांगून टाकलं. यापुढे दीर गाडी चालवील, मी मागे मुलांजवळ बसेन, पटत नसेल त्यांनी दुसरी सोय करावी. एकदोघांनी तब्येतीची चौकशी केली. सगळ्यात धाकट्या मुलीची आई पुढे आली.

‘म्हणजे इतके दिवस माझी मुलगी...’

‘हो,’ व्हॅनमावशी म्हणाली.

‘तुम्हाला खरंच कळलं नाही?’

‘नाही कळलं. आणि कळलं तेव्हाही थोडे दिवस गप्प बसले. शाळा उघडली त्या सकाळी कळत असून गाडी काढली.’

‘काही झालं असतं तर?’

‘मलाही तेच दिसत राहतं. जेवतानासुद्धा.’

त्या बाईने दुसऱ्या दिवसापासून मुलीला पाठवलं नाही. रस्त्यात समोर आली तरी बोलत नाही. व्हॅनमावशीला तिचा राग येत नाही. फक्त ती समोरून येताना दिसली, म्हणजे अगदी समोर असली तरच दिसते, की पाऊल थबकतं.

एक गोष्ट मात्र तिला आत कुठेतरी कुरतडत राहिली. लोकांना आवडायचे ते गंभीर सिनेमे तिला कधीच आवडले नव्हते. त्यांत निम्मा वेळ काळोखात माणसं कुजबुजतात, काय चाललंय कळत नाही, असं ती म्हणायची. कार्टूनमध्ये कसं, सगळं भडक, ठळक, मधोमध. एके दुपारी तिने नणंदेला विचारलं, ‘मला ते आवडायचं, की एवढंच दिसायचं म्हणून मी तिकडे गेले?’

नणंदेने हातातलं काम बाजूला ठेवलं. ‘वहिनी, मला तर सगळं दिसतं. तरी मी तुझ्याबरोबर आले दर वेळी. झोप काढली निम्म्या वेळा, पण आले. तू जे बघून रडायचीस ते मला दिसायचं, पण रडू नाही यायचं.’

त्याने तिचं पुरतं समाधान झालं असं नाही. पण पुढच्या आठवड्यात ती सिनेमाला गेली, आणि शेवटच्या रांगेत बसली. मागून पाहिलं की अख्खा पडदा तिच्या नजरेत मावतो, हा शोध तिचा तिनेच लावला. जाहिराती संपून दिवे गेले तेव्हा आजूबाजूच्या खुर्च्या, माणसं, नवरा, सगळं पुसलं गेलं. पूर्वीही जायचंच, पण तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत होतं, म्हणून पहिली काही मिनिटं तिने नवऱ्याचं मनगट सोडलं नाही.

मग लेकीची वेळ आली. मुलगी अकरा वर्षांची. ती आत गेली, दार पुरतं लागलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून व्हॅनमावशी बटणाचा आवाज ऐकत होती. टक. टक. मग मध्येच काही नाही. परत टक. परत लांबलचक शांतता.

‘एवढा वेळ का लागतोय?’

‘थांबून थांबून येतात ते ठिपके,’ नवरा म्हणाला. ‘तूच सांगितलंस ना?’

‘मला ते दिसलेच नव्हते. मला काय माहीत, थांबून येतात की कसे.’

त्याचाही पाय सारखा हलत होता. आतून टक टक असे दोन आवाज लागोपाठ आले आणि तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण मुलगी घाबरेल म्हणून तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

डॉक्टर बाईंनी कागद उजेडात धरला. ‘स्वच्छ आहे. सध्या काही नाही. रक्ताचीही एक तपासणी करून घेऊ, आणि वर्षातून एकदा आणत जा.’

नवऱ्याने ‘स्वच्छ’ एवढंच ऐकलं आणि तो खुर्चीत सैल झाला. व्हॅनमावशीने ‘सध्या’ ऐकलं. तिने तो शब्द घरी आणला, आणि तो अजून तिच्यापाशीच आहे. व्हॅनमध्ये मागे बसून ती मुलांना गोष्टी सांगते, कासवाची गाणी घेते, दीर पुढून ओरडतो की जरा हळू, हॉर्न ऐकू येत नाही. दिवस जातो. पण संध्याकाळी जिन्यातला दिवा लागायच्या आधी मायलेकी वर चढत असल्या की तिच्या तोंडून निघतंच.

‘त्या कोपऱ्यात काय आहे गं?’

‘झाडू.’

‘आणि त्याच्या शेजारी?’

‘बादली. आई, दिसतंय मला.’

‘कुठल्या रंगाची?’

मुलगी थांबते, वळून तिच्याकडे बघते. ‘निळी,’ ती म्हणते, आणि आईचं कोपर धरून म्हणते, ‘चल, पायरी आहे.’