पत्रावळीवर आडवा हात

पत्रावळीवर हात आडवा धरणाऱ्या माणसाला तुम्ही आणखी कितीदा वाढता?

आमच्या भागात पहिला नकार म्हणजे लाजणं, दुसरा म्हणजे रुसणं. खरा नकार कुणाला ऐकूच येत नाही. आणि खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. वजन कमी व्हावं म्हणून ठाण्याच्या एका दवाखान्यात माझ्या जठराभोवती पट्टा बसवला होता. थोडं खायचं, भूक भागली की थांबायचं. आमच्या शहापुरात आईने सगळ्यांना सांगितलं, पोटात गाठ होती.

वडिलांनी लिहिलेली समाजसुधारणेची पत्रकं वाटत मी मोठी झाले. बाईने आपल्या शरीराची लाज का बाळगावी, असं विचारणारं पत्रक मी स्वतः लिहिलं आणि मुरबाडच्या एसटी स्टँडवर वाटलं. पण ‘खाऊन फुगली आणि आता पोट बांधून घेतलं’ असं कुणी म्हणेल, या विचारानेच माझी मान खाली जायची.

टोकावड्याला चुलतभावाच्या हळदीत आत्या भाताचं पातेलं घेऊन आली. मी हात आडवा धरला.

"गाठ काढली ना? मंग आता जेवायला काय झालं गो?"

पंगत हसली. मी हात काढला आणि जेवले. घरी पोचेपर्यंत उलट्या थांबेनात. पट्टा सरकला होता. दुसरं ऑपरेशन झालं. आईने सांगितलं, गाठ परत आली. मग पोरीच्या अंगात ताकद यावी म्हणून घरोघरून डिंकाचे लाडू आले. आणणाऱ्या बायका मी खाईपर्यंत उठत नसत.

पट्टा पुन्हा सरकला. तिसऱ्या ऑपरेशनला तो काढला आणि जठरच कापून लहान केलं. पुन्हा असं झालं तर काय करता येईल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आई माझ्याकडे न बघता पदराशी चाळा करत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात सापगावला बारसं होतं. आत्या पुन्हा भाताचं पातेलं आणि डाव घेऊन समोर उभी. माझे कान तापले.

"आत्या, गाठ नव्हतीच. वजनासाठी पोट कापून घेतलंय. तीनदा."

तिने डावातला भात पातेल्यात परत टाकला. मग वाकून हळूच म्हणाली, "मला बोललीस ते बोललीस. दुसऱ्या कुणाला सांगू नको."

मी आता सगळ्यांना सांगते. लाज अजून वाटतेच. तुमच्याकडे एकच मागते: पुढच्या पंगतीत कुणी हात आडवा धरला, तर डाव मागे घ्या आणि कारण विचारू नका.