काहूनकाका आणि नऊ लखोटे

काहूनकाका कोणताही कागद दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय हातावेगळा करत नसत. हॉटेलचं मेनूकार्ड असो, कार्यक्रमाचं पत्रक असो की औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली पातळ चिठ्ठी असो. आधी पुढून, मग मागून, आणि मागची बाजू कोरी असेल तर उजेडाकडे धरून. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही मुलांना ट्रॅम्पोलिन पार्कमध्ये नेलं होतं. आत सोडण्याआधी मोठ्यांची सही लागते, आणि ती सगळेच न वाचता ठोकतात. काका नातीला घेऊन आले होते. त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मागे रांग लागली. शेवटी मान वर करून म्हणाले, "हात मोडला तरी आमची तक्रार नाही, असं आपणच लिहून द्यायचं. काहून?" नात केक कापेपर्यंत मोजे घालून बाहेर बाकावर बसून राहिली.

'काहून' म्हणजे 'का'. नागपूरकडचा शब्द. डॅलसजवळच्या आमच्या गावात पुण्यामुंबईचीच माणसं जास्त, त्यामुळे तो शब्द त्यांना नावासारखा चिकटला. त्यांचा मुलगा सुमेध माझ्याच ऑफिसात होता. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि नोकरीभर दर निवडणुकीला त्यांना केंद्राध्यक्ष म्हणून पाठवत. बायको गेल्यावर मुलाकडे आले आणि यथावकाश इथले नागरिकही झाले. भेटले की "जयभीम, ताई" म्हणायचे, मी "नमस्कार, काका" म्हणायची. मग त्यांचा पहिला प्रश्न यायचा.

आमच्या शहरात मेयरसाठी तीन जण उभे होते. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, म्हणून पहिल्या दोघांमध्ये पुन्हा निवडणूक लागली. एक होत्या शहराच्या कौन्सिलवर बरीच वर्षं काढलेल्या गोऱ्या बाई. दुसरे आपले डॉक्टर. 'आपले' म्हणजे भारतीय. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच धूम उडाली. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रचाराचा टी-शर्ट घातला आणि लोकांची दारं वाजवत फिरले. काकांच्या दारातही गेले. त्यांनी पत्रक उलटसुलट वाचलं आणि विचारलं, "आपला माणूस म्हणता. आपला म्हणजे कोणाकोणाचा?"

"सगळ्यांचा, काका."

"असं पत्रकात लिहिलं नाही," ते म्हणाले आणि पत्रक परत केलं.

मला राग आला. मनात आलं, या माणसाला चांगलं काही दिसतच नाही.

डॉक्टरांच्या प्रचाराची सगळी सूत्रं मनोजकडे होती. मनोज रिअल इस्टेट एजंट. गावातल्या अर्ध्या मराठी घरांच्या किल्ल्या त्याच्याच हातून मिळालेल्या. पन्नाशीचा, गोड बोलणारा, कोणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं हे तोंडपाठ. काका त्याला बघितलं की खुर्ची बदलून बसत. "एवढं कोणाला सगळ्यांचं लक्षात राहत असते का?" असं मला एकदा म्हणाले होते. मी हसून सोडून दिलं.

टेक्ससमध्ये पासष्टीपुढच्या माणसाला पोस्टानं मत देता येतं. आमचे बरेच ज्येष्ठ दर बुधवारी सकाळी लायब्ररीच्या खोलीत जमायचे, काकाही. मनोज मला म्हणाला, "त्यांचे लखोटे तयार आहेत. पोरांना वेळ नाही पोस्टात जायला. तू फक्त गोळा कर, पुढचं मी बघतो." मला ती सेवाच वाटली. नऊ बंद लखोटे मी भाजीच्या पिशवीत घातले आणि गाडीकडे निघाले. काका मागोमाग आले. टळटळीत ऊन होतं. त्यांनी पिशवीकडे बोट केलं.

"दुसऱ्याचा लखोटा नेणाऱ्यानं त्यावर आपलं नाव-पत्ता लिहून सही करायची असते. मागच्या बाजूला छापलं आहे. तू केली?"

मी केली नव्हती. मागची बाजू पाहिलीच नव्हती.

"करते आता," मी म्हणाले.

"थांब. आत खुणा कोणी केल्या?"

"ज्यांचं मत त्यांनी. आणखी कोण करणार?"

"कुसुमबाईंना विचार."

मी हट्टानं आत गेले. कुसुममावशी ऐंशीच्या पुढच्या, लेकाकडे राहणाऱ्या. त्या सहज म्हणाल्या, "मनोज आला होता नं गं परवा. चहा घेतला. म्हणाला, मावशी, तुम्ही लखोट्यावर तेवढी सही करा, आतलं मी करतो. घर त्यानंच मिळवून दिलं आम्हाला. नाही कसं म्हणायचं?"

"तुम्ही नावं तरी वाचलीत?"

"चष्मा कुठं होता जवळ!"

नवांपैकी तिघांनी स्वतः खुणा केल्या होत्या. चौघांची गोष्ट कुसुममावशींसारखीच. दोघांना आठवत नव्हतं, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा काका माझ्या गाडीपाशीच उभे होते. तरीही मी वाद घातला. डॉक्टर चांगले आहेत, या सगळ्यांनी त्यांनाच मत दिलं असतं, मग फरक काय पडतो, असं म्हणाले.

काका म्हणाले, "मी सहावीत होतो. माझी आई पहिल्यांदा मत द्यायला गेली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. टेबलावरचा माणूस म्हणाला, बाई, तुझं मत पडलं, जा घरी. आई खूश होऊन आली. तिला वाटलं, काम झालं. काय झालं होतं ते मला कॉलेजात गेल्यावर समजलं. तिला मी कधी सांगितलं नाही."

खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या मनात शंका आली. ही गोष्ट अगदी आत्ताच कशी आठवली यांना? म्हातारा त्या गोऱ्या बाईंच्या बाजूचा तर नाही? पण पिशवी मी त्यांच्या हातात दिली.

पोस्टात न टाकलेली मतपत्रिका केंद्रावर जमा केली की तिथं जाऊन स्वतः मत देता येतं. काकांनी ते आधी फोन करून विचारलं, मग छापील नियम मागवून वाचला. त्या आठवड्यात आगाऊ मतदान सुरू होतं. माझ्या मिनीव्हॅनमधून दोन फेऱ्यांत आम्ही नऊही जणांना नेलं. काका दारापर्यंत सोडायचे आणि परत गाडीत येऊन बसायचे. आत जायचे नाहीत, कोणाशी उमेदवारांबद्दल अक्षर बोलायचे नाहीत. निदान माझ्यासमोर तरी नाही. कुसुममावशींना आत बराच वेळ लागला. बाहेर आल्या त्या पदरावर मतदानाचं स्टिकर लावून, ताठ चालत. मी आरशातून बघत लाडानं विचारलं, "मग मावशी, कोणाला दिलंत?"

"ताई," शेजारून काका म्हणाले, "गाडी चालव."

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन करून मनोजचं सगळं सांगितलं. ते दचकतील, चिडतील, त्याला काढून टाकतील असं मला वाटलं होतं. ते शांतपणे ऐकत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "हे शनिवारनंतर नसतं का करता आलं?" शनिवारी मतदान होतं. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, की ते फक्त थकले होते, हे मला आजही ठरवता येत नाही. मनोजनं असे आणखी किती चहा घेतले, तेही कधी कळलं नाही.

डॉक्टर सात मतांनी हरले. फेरमोजणीतही सातच.

नऊ लखोटे आणि सात मतं. हा हिशोब ग्रुपवर मांडायला कोणाला फार वेळ लागला नाही. काकांनी म्हाताऱ्यांचे कान भरले, असं ठरलं. मनोजनं एक अक्षर लिहिलं नाही; फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं. एका घरी जेवायला गेलो असताना पोळ्या वाढता वाढता एक बाई म्हणाल्या, "त्या लोकांना आपल्यातलं कोणी वर गेलेलं बघवत नाही." 'त्या लोकांना' म्हणजे कोणाला, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला समजलं. आठवडाभरापूर्वी डॉक्टर सगळ्यांचे होते. मी ताटातली कोशिंबीर चिवडत राहिले. पिशवी माझी होती, गाडी माझी होती, लखोटे मी गोळा केले होते. मी काही बोलले नाही. गणपतीच्या जेवणाला सुमेधच्या घरी बोलावणं गेलं नाही, तेव्हाही नाही.

एकदा मात्र न राहवून मी काकांना गाठलं. "तुम्ही त्यांना काही सांगितलं होतं का? एखादा शब्द तरी?"

त्यांना वाईट वाटलं असावं. पण चेहरा मास्तरांचा होता. "माझ्यावर संशय घेतला, चांगलं केलं," ते म्हणाले. "पण तोच संशय मनोजवर तू आधी का नाही घेतला? तो गोड बोलते म्हणून?"



वर्षभरात सुमेधनं नॉर्थ कॅरोलिनात नोकरी घेतली आणि ते सगळे तिथल्या कॅरी गावाला गेले. ऑफिसात कारण वेगळं सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी मी गेले. खोक्यांमध्ये काका एकटेच बसले होते, प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते सुवाच्य अक्षरात लिहीत. मी सांगितलं, की त्या जेवणात माझ्यादेखत काय बोललं गेलं आणि मी गप्प बसले. ते लिहायचे थांबले.

"कोण बोललं, ते सांगू नको," म्हणाले. "पुढच्या वेळी बोल."

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मी दाराशी गेल्यावर त्यांनी मार्करला टोपण लावलं आणि मला पोचवायला गाडीपर्यंत आले.

पुढच्या निवडणुकीपासून मी मतदान केंद्रावर काम करते. सकाळी मतपत्रिका तपासते, ओळखपत्र बघते, आईच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या मुलांना मागे उभं राहायला सांगते. "तिला कळत नाही हो," असं ते म्हणतात. मी नियम दाखवते. काही जण रागावतात, एकानं माझं नाव लिहून घेतलं. घेऊ दे.

गेल्या हिवाळ्यात सुमेधचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. बराच वेळ आम्ही त्यांच्याबद्दल बोलत राहिलो. कॅरीतही त्यांनी कॉलनीच्या कमिटीला प्रश्न विचारून कसं हैराण केलं होतं, ते त्यानं सांगितलं. हसता हसता तो मध्येच थांबला.

"अश्विनी, एक विचारू? त्या निवडणुकीत बाबांनी मत कोणाला दिलं होतं?"

"मला कसं माहीत असेल? तुझ्या घरात राहत होते ते."

"मी दोनदा विचारलं. बोलले नाहीत. मला वाटलं, तुला सांगितलं असेल."

"मला वाटलं होतं, तुला."