सखाआबांच्या गोठ्यात

सखाआबा गेले ही बातमी मला लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात, करवंदांच्या पाट्यांच्या पावत्या करताना कळली. माळवलीहून, भाजे गावाकडून आलेल्या हमालाने सांगितले, "बाबू, भाज्याचं आबा आज सकाळच्याला गेलं." लिहायला लाज वाटते, पण खरे तेच लिहितो. मला आधी दुःख झालेच नाही. आधी मनात आले... मग आज संध्याकाळी मी काय करू? एक पावती तीनदा चुकली. ऑफिस सुटल्यावर फलाटावर येरझाऱ्या घातल्या, दोनदा बाजारातल्या गुत्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि दोनदा परत फिरलो. शेवटी समोर उभ्या असलेल्या गाडीत चढलो आणि माळवलीला उतरलो. याला आता दीड महिना झाला, तरी ती तगमग गेलेली नाही. हे चार शब्दही मी धड बसून लिहीत नाही, दर दोन ओळींनंतर उठतो आहे.

आबांचा शोध मला लागला तो लढाई सुरू व्हायच्या आधी. तेव्हा मी रोज प्यायचो. पत्नी मुलीला घेऊन तळेगावला माहेरी निघून गेली होती; जाताना ती भांडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. भाज्यात कोणी एक म्हातारा पिणाऱ्यांना जमवून बसतो, असे कानावर आले होते. पण विचारायचे कसे? मी कोट-टोपीतला, चार बुके शिकलेला माणूस! गावात शिरलो आणि भेटेल त्याला विचारले, "इथे भजन कुठे असते हो?" त्या भल्या माणसाने मला आदराने मारुतीच्या देवळात नेऊन बसवले आणि हातात टाळ दिले. तासभर मी टाळ कुटत एकेकाचे तोंड न्याहाळत होतो, यातला पिणारा कोण असेल... एकही नव्हता. प्रसाद घेऊन परत आलो. आठवड्याने पुन्हा गेलो, तर जीभ पुन्हा 'भजन'च म्हणाली आणि पुन्हा तेच टाळ हातात आले. अखेर पत्ता दिला तो माळवलीच्या गुत्तेवाल्याने. "माजी चार गिऱ्हाइकं नेली त्या म्हाताऱ्यानं," तो म्हणाला. "लेण्यांच्या वाटंला गोठा हाय बगा त्येचा. जावा, तुमी बी जावा!"

गोठ्यात दोन बैल, एक घोंगडी आणि तिच्यावर सहा-सात माणसे. आबा रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगवर होते, दारूपायी नोकरी घालवून बसलेले. बैठक बरोबर दिवेलागणीला भरायची. "ह्यो येकच तास वंगाळ असतो," आबा म्हणायचे. "ह्यो टळला की भाकर गोड लागती." ज्याने त्याने आपला दिवस कसा गेला ते सांगायचे, एवढेच. नव्या माणसाने मात्र पितळेच्या वाटीतला बेलभंडारा उचलून जन्मभराची आण घ्यायची. मीही घेतली. दोन महिने टिकली. मग पत्नीला आणायला तळेगावला गेलो, ती म्हणाली, "इतक्यात नाही," आणि परतीच्या वाटेवर मी प्यायलो.

त्यानंतर भाज्याला जायची सोयच उरली नाही. खंडोबाचा भंडारा उचलून मोडला, आता कोणत्या तोंडाने त्याच वाटीपुढे बसायचे? आम्हा मावळच्या माणसांचे हे असेच. माझ्याआधीही तिघे-चौघे असेच एकदा घसरले आणि कायमचे नाहीसे झाले होते. आण मोडलीच आहे तर कसर कशाला ठेवायची, म्हणून मी पूर्वीपेक्षा जास्त पिऊ लागलो.

एका दुपारी आबा पार्सल ऑफिसात येऊन एका खोक्यावर बसले. मी मान वर करीना.

"माजं चुकलं," ते म्हणाले.

"तुमचं कसं चुकलं, आबा? आण मी मोडली."

"जल्माची आण मीच तर घ्याया लावली. जल्म कुनी बगितलाय? आता उद्याच्या सांजंपतूर उचला. मोडली, तर मोडल्यालं सांगाया या. पर या."

त्या दिवसापासून रीत बदलली. रोज सगळ्यांनी एकेका दिवसाचा भंडारा उचलायचा. नाहीशा झालेल्या तिघा-चौघांनाही आबा घरी जाऊन घेऊन आले. आबा स्वतःही रोज उचलत, तेही सर्वांत आधी. मी एकदा म्हणालो, "आबा, तुम्हाला आता काय गरज?" ते रागावलेच. "मला तर तुमच्यापरीस लय!" पुढच्या दिवाळीला पत्नी घरी आली. आबांचे उपकार मी त्यांना कधी बोलून दाखवले नाहीत, हे आता फार सलते.

तर त्या बातमीच्या संध्याकाळी मी गोठ्यात पोचलो. सगळे आले होते. घोंगडी अंथरलेली, आबांची जागा मोकळी, वाटी कोनाड्यात. ती खाली घ्यायला कोणी धजेना. एक जण उठे, दाराशी जाई, पुन्हा बसे; मग दुसरा उठे. आज ही माणसे अशीच पांगली, तर उद्या कोणी येणार नाही, आणि मी तर नाहीच नाही, हे मला स्वच्छ दिसत होते. इतक्यात दारात धुतलेल्या धोतरातला एक अनोळखी गृहस्थ येऊन उभा राहिला. तोंडाला वास येत होता. खाली बघत त्याने विचारले, "हितं भजन असतं का?"

मी उठलो. "भजन खाली देवळात असतं. इथं दारू सोडणारे बसतात. मी त्यातलाच. या, बसा."

परक्या माणसापुढे हे मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. कोनाड्यातली वाटी काढून त्याच्यापुढे धरली.

"किती दिसांची आण?" त्याने विचारले.

"उद्या संध्याकाळपर्यंतची," मी म्हणालो, आणि आधी माझा भंडारा उचलला.