गोळी घेऊन देव भेटतो का?

कॅन्सरची ट्रीटमेंट संपून आठ महिने झाले होते आणि मला प्रार्थना म्हणता येत नव्हती. आम्ही बेने इस्रायल, अलिबागकडचे मराठी ज्यू. तीस वर्षं अमेरिकेत, पार्सिपनीत राहतो. देव एक आहे, असं सांगणारी आमची ‘शमा’ ही प्रार्थना मी बोलायला लागल्यापासून म्हणत आले. आता मात्र पहिल्या शब्दावरच थांबायचे. शुक्रवारी शब्बाथचा, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावणंही मी सोडलं होतं. यांनी आजाराचा विषय काढला की मी अंगावर धावून जायचे. बिचारे उठून स्वयंपाकघरात जायचे.

आजार परत येईल, मी मरेन, या भीतीने रात्र रात्र झोप नव्हती. अशात माझ्या डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. ज्यांना मरणाची भीती सोडत नाही, अशा पेशंटना देखरेखीखाली मशरूममधलं एक द्रव्य गोळीतून देतात. काहींना त्यात देवाचा अनुभव येतो, म्हणाले. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, यू डोन्ट हॅव टू डू धिस.” मलाही लाज वाटत होती. गोळी घेऊन देव भेटत असेल, तर माझ्या आईने जन्मभर कडक उपास कशासाठी केले?

आमच्या सिनेगॉगच्या धर्मगुरू, म्हणजे रब्बी, माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. आमच्यातल्या मुलांचं ऐकून ऐकून त्याही मला काकूच म्हणतात. त्यांना विचारलं.

“काकू, यावर आम्हा रब्बींमध्येच वाद चालू आहेत,” त्या म्हणाल्या. “काहींना यात आपल्या जुन्या साधकांची वाट दिसते, काहींना ही निव्वळ फसवणूक वाटते. मला खरंच ठाऊक नाही. पण जीव सांभाळणं आपल्याकडे सगळ्यात आधी येतं, आणि तुमची भीती हाही आजारच आहे. जा तुम्ही. तिथे काय दिसलं ते राहू द्या, घरी आल्यावर काय बदललं तेवढं मला सांगा.”

ठरलेल्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये गोळी घेतली, डोळ्यांवर पट्टी बांधून पडले. शेजारी हेलन नावाची वयस्कर नर्स होती. मला वाटलं होतं, प्रकाश दिसेल, कुणी नबी दिसेल. आली ती भीतीच, आणि अशी की मी मराठीतून ओरडले, “देवा, मला नाही जमत आता. तूच बघ!” हेलनने माझा हात धरला. तिला शब्द कळले नसणार. त्यानंतर माझं धडपडणं थांबलं. मी कुठे संपते आणि बाकीचं कुठे सुरू होतं, ते समजेना. सगळं एकच होतं, आणि त्या एकात माझा आजारही होता. पट्टी ओली झाली होती. मी शमा म्हणत होते.

दुपारी बाहेर आले. हे लॉबीत ताठ बसून होते. मला बघून धडपडत उठले.

“काय गं, बरी आहेस ना?”

“तुम्ही जेवलात का?” मी विचारलं.

आठ महिन्यांत मी त्यांना हे विचारलं नव्हतं. ते तिथेच रडायला लागले.

रब्बींना मी एवढंच सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं, गोळीबद्दल एक शब्दही विचारला नाही.

देव गोळीत होता की हेलनच्या हातात, मी ठरवायला जात नाही. पुढच्या आठवड्यात स्कॅन आहे, आणि भीती वाटते. पण आता मी ती यांना सांगते. मग आम्ही दोघं मिळून दिवा लावतो, आणि पुढचं त्याच्यावर सोपवतो.