माशा खाणारं झाड आणि सासूबाई

त्या दिवाळीला माझा धाकटा दीर बोटीवरून सुट्टीवर आला तेव्हा सगळ्यांसाठी काही ना काही घेऊन आला. माझ्या नवऱ्याला शर्ट, मला सेंट आणि सासूबाईंना प्लॅस्टिकच्या पेल्यात एक झाड. झाड म्हणजे काय, तर बोटाएवढी पाच-सहा पानं आणि प्रत्येक पानाच्या टोकाला दात असलेला जबडा. वीनस फ्लायट्रॅप. कुठल्याशा बंदरात दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवलेलं दिसलं आणि त्याला गंमत वाटली, एवढंच.

"आई, हे माशा खातं," तो म्हणाला. "मी परत येईपर्यंत जगवशील ना?"

जगवशील ना, असं सासूबाईंना कोणी विचारावं! गुहागरकडे त्यांनी जन्मभर सुपारी, केळी, अळू असं सगळं काढलं होतं. सासरे गेल्यावर त्या नेरूळला आमच्याकडे राहायला आल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. मी लावलेली तुळस दर वर्षी सुकायची. त्यांनी नुसती काडी खोचली तरी तिला पालवी फुटायची. त्यामुळे या झाडाची काळजी करण्याचं काही कारण नव्हतं, असं मला वाटलं.

दीर बोटीवर परत गेला. आता तो पुढच्या पावसाळ्यातच येणार होता. मधे बोट एखाद्या बंदराला लागली तर फोन. झाडाला काय लागतं, काय चालत नाही, यातलं त्याने काहीच सांगितलं नव्हतं. दुकानदाराने सांगितलं असलं तरी ते त्याच्या डोक्यात राहिलं नसणार.

त्याची टॅक्सी गेली त्याच दुपारी सासूबाईंनी पेला उपडा केला. "हा काय भुसा घातलाय? ह्यात कसला आलाय जीव?" तो भुसा कचऱ्यात गेला. नव्या कुंडीत तांबडी माती आली, चाळलेलं शेणखत आलं, आणि झाड नाजूक म्हणून कुंडी उन्हातून उचलून देवघराशेजारी सावलीत ठेवली गेली. नळाचं पाणी सकाळ-संध्याकाळ. आल्या-गेल्यालाही आमच्याकडे एवढी बडदास्त मिळत नव्हती.

राहता राहिला जेवणाचा प्रश्न. आमचं घर शाकाहारी. खाडी जवळ असल्याने डासांना तोटा नव्हता, पण मारलेला डास उचलून त्याच्या तोंडात घालणं सासूबाईंना पटेना. झाड त्यांच्या लेखी 'ती' झालं होतं. "तिने आपणहून धरलान तर तिचं ती बघेल. आपण कशाला पापात पडा?" जेवायला बसण्यापूर्वी गाईचा नि कावळ्याचा घास काढून ठेवायची त्यांची जुनी सवय. तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून यायची? तो घास झाडाला मिळू लागला. वरणात कालवलेलं, तुपाचं बोट लावलेलं एक शीत सासूबाई काडीने जबड्यात ठेवायच्या. जबडा मिटला की त्यांचा चेहरा असा काही खुलायचा! "जेवली गो!" असं त्या मला ओरडून सांगायच्या. मीही पोळ्या टाकून बघायला धावायची. काही दिवसांनी जबडा उघडला की आत बुरशी आलेलं शीत तसंच. ते काडीने काढायचं आणि दुसरं ठेवायचं. "होईल सवय. परक्या देशातून आल्ये, पटकन कशी जेवेल?"

मग संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकवाला सगळी सोसायटी. वाणाला मी स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, पण वाट्यांकडे लक्ष कोणाचं? सगळ्याजणी झाडाभोवती. आमच्या शेजारची इथल्याच जुन्या गावातली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई गो, यो झार हाय का जनावर?" आणि तिने बोट घातलं. जबडा मिटला, हशा पिकला, मग प्रत्येकीलाच बोट घालून बघायचं होतं. तळमजल्यावरच्या बाई ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. "इतकी वर्षं फळ्यावर काढत्ये, खरं आज बघितलं," म्हणून त्यांनी तर दोन जबडे मिटवले. शेवटी सासूबाईंनी एकूण एक तोंडात हलव्याचा एकेक दाणा ठेवला आणि म्हणाल्या, "तीळगूळ घे, गोड बोल."

आठवड्याभरात जबडे काळे पडू लागले. एक पान गेलं, मग दुसरं. मी म्हटलं, जाऊ दे, परदेशी झाड ते, इथल्या हवेत टिकायचं नाही.  पण सासूबाईंचं जेवणात लक्ष नाही, हे मी दोन-तीन दिवस बघत होते. शेवटी त्यांच्या पुढ्यातल्या ताटावरून चिडले. मला कोणी पानात टाकलेलं खपत नाही.

"झालंय काय तुम्हाला?"

"फोन नाही ना आला," त्या म्हणाल्या. "महिना होऊन गेला. आणि हिचं हे असं. देताना काय म्हणालान तो? मी येईपर्यंत जगव. हिला काही झालं तर..." 

एरवी मी असल्या गोष्टींना हसते. त्या दिवशी हसू आलं नाही. समुद्रावर कुठेतरी असलेल्या मुलाचा जीव या बाईने या कुंडीत आणून ठेवला होता, आणि मी बाजारातून दुसरं आणू या म्हणणार होते! मला फार भरून आलं. ते लपवायला मी त्यांना जेवा म्हणून आणखी रागावले आणि तशीच तळमजल्यावर गेले.

बाईंना आपल्या दोन बोटांची आधीच लाज वाटत होती. पुस्तक घेऊन त्या वर आल्या. वाढवायचं कसं हे पुस्तकात नव्हतंच, होतं ते इतकंच, की हे झाड दलदलीत उगवतं आणि तिथल्या मातीत कस नसतो म्हणून किडे धरून खातं. तेवढ्यावरून आम्ही तिघींनी ओट्याजवळ उभं राहून उलगडा केला. ज्याला निकस मातीची सवय, त्याला आम्ही शेणखत चारलं होतं. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी मुळं बेजार झाली असणार. जबड्यात जिवंत काही वळवळलं नाही तर तो नीट आवळत नाही, मग शीत पचणार कुठून? आणि मिटायला झाडाला ताकद लागते. चार-पाचदा फुकट मिटला की तो जबडा संपला.

"म्हणजे मीच," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही एकट्या कुठे? अख्खी सोसायटी," बाई म्हणाल्या.

मग मी कामाला लागले. नारळाच्या काथ्याचा भुसा आणला आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतला. समोरच्या बांधकामावरून घमेलंभर रेती मागून आणली, तर सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली. "खारट आहे गो!" खाडीची रेती. मग तीही न्हाणीघरात धुतली. पाणी पेट्रोल पंपावरून, गाडीच्या बॅटरीत घालतात ते बिनक्षाराचं. नवऱ्याने विचारलं, गाडी कधी घेतली? कुंडी उन्हात ग्रिलमध्ये गेली. काळे जबडे बाईंनी कात्रीने छाटले तेव्हा सासूबाई आत निघून गेल्या. उरला एक चिमुकला हिरवा कोंब.

आता फक्त हात लावायचा नव्हता. शीत नाही, खत नाही, बशीत पाणी ठेवायचं आणि गप्प बसायचं. सासूबाईंना याच्याइतकं अवघड काही नव्हतं. जेवायला बसल्या की घास हातात घेऊन त्या ग्रिलकडे बघायच्या, मग तो मुकाट्याने कावळ्याच्या वाटणीत घालायच्या. 

फोन आला फेब्रुवारीत. मुलगा ठणठणीत होता. "तुझी ठेव छान आहे हो," त्यांनी कोंबाकडे बघत ठोकून दिलं. मला वाटलं, आता यांचा जीव भांड्यात पडेल. रिसीव्हर खाली ठेवला तोवर पडलाही. पण लगेच त्या ग्रिलशी जाऊन उभ्या राहिल्या.

उन्हाळ्यात कोंबाला पान फुटलं, मग दुसरं. एपीएमसीच्या घाऊक बाजारातून आंब्याची पेटी आली तेव्हा बाईंनी सुचवलं, साली कुंडीजवळ ठेवा. सालींवर चिलटं जमली आणि एक दिवस एका चिलटावर जबडा मिटला, आपला आपण. सासूबाईंनी मला हाक मारली नाही. कितीतरी वेळ एकट्याच बघत उभ्या होत्या, मी मागून बघितलं.

श्रावणात दीर आला. रापलेला, रोडावलेला, पण धडधाकट. बॅगा टाकून खिडकीशी गेला आणि थबकला.

"अरे, हे अजून आहे? मला वाटलं आठवड्यात मेलं असेल!"

त्याने बोट पुढे केलं तेवढ्यात सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. तो हसला, आम्हीही हसलो. त्या चहा टाकायला आत गेल्या. पाठोपाठ मी गेले, तर गॅस न पेटवताच उभ्या होत्या.

"आठवड्यात मरणार वाटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या, "तर मग जगव असं कशाला म्हणालान?"

 मी गॅस पेटवला.

त्याची सुट्टी संपली त्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. नमस्कार करून उठताना त्याने नेहमीचं विचारलं, "आई, या वेळी काय आणू?"

सासूबाईंनी त्याच्या हातावर दही ठेवलं. म्हणाल्या, "साबण आण, बिस्किटं आण. जिवंत काही आणू नकोस, बाबा."

तो मोठ्याने हसला आणि बॅग उचलून जिना उतरला.