नऊ तासांचा बर्फ

बर्फवाल्या काकांना अंतर कधी मैलात कळलंच नाही. पस्तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात गेलेली. मासळीबाजार किती लांब, असं विचारलं की म्हणायचे, "बर्फाच्या लादीला बोटभर झीज." बंदराचा धक्का म्हणजे वीतभर. भुसा लावून, गोणपाट गुंडाळून लादी अशी बांधायचे की भर उन्हात थेंबसुद्धा टपकायला लाजेल.

तर काकू निघाल्या लेकीकडे, पार दुसऱ्या देशात. नातवाला साधं खरचटलं तरी रक्त थांबायचं नाही. त्यावरचं इंजेक्शन तिकडं संपलेलं, इकडं मिळालं. औषधवाला म्हणाला, "काका, आठ डिग्रीच्या वर गेलं की फेकूनच द्यायचं, बरं का."

"अरे, मला बर्फ शिकवतोस?"

काकांनी तिकीट वाचलं. सहाला उडतं, दहाला पोचतं. म्हणजे चार तास. मागचंपुढचं धरून पहाटे चारला इंजेक्शनच्या पेटीत नऊ तासांचा बर्फ भरला. जास्त भरला तर हिचा खांदा दुखायचा. वर दम दिला, "घरी पोचेपर्यंत झाकण उघडायचं नाही. उघडलंस की गारवा पळालाच."

"नाही हो उघडत."

सातला जावयाचा फोन. "बाबा, विमान सुटलं ना वेळेवर? मी दहाला आणायला जातो."

"हो, चार तासांत येईलच ती."

"चार कुठले? साडेआठ हजार किलोमीटर आहे! अकरा तास लागतात. ते दहा आमच्या घड्याळातले. इकडं आत्ता रात्रीचे बारा वाजलेत."

काकांनी बोटांवर तास मोजले. बर्फ संपणार एकला, विमान उतरणार पाचला. काकूंना फोन लावला, बंद. परत लावला, बंद. विमानातल्या माणसाला कुठून लागायचा?

मग उठले, तसलीच दुसरी पेटी काढली, तेवढाच बर्फ भरला, आत थर्मामीटर ठेवला. न जाणो, टिकेल जास्त. दिवसभर पेटीसमोर. ना चहा, ना जेवण. शेजारीण म्हणाली, "काका, कोंबडीसारखे काय बसलात त्यावर?" काका हसले नाहीत. उघडावी तर गारवा जायचा, न उघडावी तर जीव जायचा. पेटीला कान लावला, आत पाणी डुचमळत होतं.

चारला नऊ तास भरले. झाकण काढलं. बर्फाचा खडा नाही, काटा अकरावर. काकांनी डोकं धरलं. आपल्याच हाताने नातवाचं औषध नासवलं.

साडेसहाला फोन वाजला. वाजत राहिला, मग उचलला.

"अहो, ऐकताय ना? पोचले. नर्सबाईंनी काटा लावून बघितला, पाच आहे. टोचलं पण पोराला."

"पाच? कसं काय?"

"रागावू नका. झाकण उघडलं मी. पेटी हलवली तर आत खळखळ व्हायला लागली. तुमच्या घरात इतकी वर्षं काढली, तेवढं कळतं मला. विमानातल्या पोरीकडे बर्फ मागितला. तीनदा आणून दिला बिचारीने."

काकांनी विचारलं, "कसला होता? भरीव की पोकळ?"

"पोकळ हो. मधे भोक असलेला."

"तो लवकर विरघळतो गं," काका म्हणाले, आणि दिवसभरातला पहिला चहा ठेवायला उठले.