आधी संगजिरं, मग वजन

बल्लारपुरात इब्राहीमभाऊंच्या सायकल दुकानात पंक्चरला दहा मिनिटं लागत आणि गप्पांना तास. शाळेत विज्ञान शिकवणारी मी, पण वरच्या हवेचा दाटपणा कसा मोजतात ते मला या भल्या माणसानं शिकवलं. ते दुकान आता नाही. तिथून जाताना अजून गलबलून येतं.

त्र्याण्णव ते शहाण्णव भाऊ समुद्रकाठच्या एका रॉकेट केंद्रात कंत्राटी मदतनीस होते. पातळ, चकचकीत प्लास्टिकचा मीटरभर रुंद फुगा घडी करून रॉकेटच्या टोकात बसवायचा, हे त्यांचं काम. शंभर किलोमीटर वर तो फुगायचा आणि खाली पडू लागायचा. दाट हवा त्याला जास्त अडवते, विरळ हवा कमी. रडारनं वेग टिपला की हवेचा हिशेब लागतो; फक्त फुग्याचं वजन नेमकं ठाऊक हवं.

तिथल्या दमट हवेत घड्या चिकटायच्या. लागोपाठ दोन फुगे वर जाऊन फाटले. तिसऱ्या खेपेला, वजन होऊन गेल्यावर, भाऊंनी घड्यांत संगजिऱ्याची पूड भुरभुरली. नव्या ट्यूबला चिकटू नये म्हणून लावतात ना, तशीच. सायकल दुरुस्तीतला जुना हात, दुसरं काय! फुगा झकास उघडला. केंद्राच्या साहेबांनी पेढे वाटले, भाऊंना कायम करायचा कागद तयार झाला.

आकड्यांत मात्र हवा भलतीच विरळ निघाली. नवीन काही सापडलं म्हणून साहेब हरखले; भाऊंना कारण कळलं. पुडीनं जड झालेला फुगा जोरात पडला होता. ते साहेबांकडे गेले आणि सांगून मोकळे झाले. पूड किती उडाली, किती उरली, कोण सांगणार? सगळे आकडे बाद झाले. भाऊंचा कागदही.

"चूप राहाचं ना, भाऊ! कोणाले समजणार होतं?" मी एकदा चिडून म्हटलं.

"मले समजलं होतं ना, बाई."

दोन हजार एक साली साहेबांचं इंग्रजी पत्र आलं. भाऊंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. 'आता आम्ही आधी पूड लावतो, मग वजन करतो. तेव्हापासून एकही फुगा फाटला नाही.'

भाऊंनी तीनदा वाचायला लावलं. चेहरा असा खुलला होता! मग माझ्या ट्यूबला पूड लावता लावता त्यांचा हात थांबला.

"मंग मले वापस काऊन नाई बोलावलं?"

मी पत्र उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.